इवायाची करवत

बिन कार्ड क्र. १
वस्तू : साखळीची करवत, पेट्रोलवर चालणारी
नग : एक
कुठून आली : भिवापूर
कशातून आली : मिरचीच्या बोरीतून
शेरा : मालकाचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलेलं नाही. (हा शेरा नंतर, वेगळ्या शाईनं.)

रुपराव लांजेवारांच्या घरात प्रत्येक वस्तूला असं कार्ड आहे. खापरखेड्याच्या पावरहाऊसमध्ये तेहतीस वर्षं ते स्टोअर सांभाळत होते. स्टोअरमध्ये प्रत्येक कप्प्याला, म्हणजे बिनला, एक पुठ्ठ्याचं कार्ड टांगलेलं असतं. काय आहे, किती आहे, कुठून आलं, कोणी नेलं. निवृत्त झाल्यावर नोकरी खापरखेड्यात राहिली आणि कार्डं नागपुरात घरी आली. शिडीला कार्ड, मिक्सरला कार्ड, लोणच्याच्या बरणीला कार्ड. एकदा त्यांनी देवघरातल्या घंटेलाही कार्ड बांधलं, तेव्हा सुभद्राबाईंनी दोन दिवस अबोला धरला. त्या अबोल्याला कार्ड बांधता आलं नाही एवढंच.

करवत आली तेव्हा कामिनीच्या लग्नाला अठ्ठावीस दिवस राहिले होते. करवत घेऊन आले ते नत्थूजी, म्हणजे साहिलचे वडील, कामिनीचे होणारे सासरे. भिवापूरला त्यांची मिरचीची शेती. पुण्याकडे ज्याला व्याही म्हणतात त्याला इकडे इवाई म्हणतात, आणि इवाई दारात दिसला की माणूस आधी बनियनवर शर्ट चढवतो आणि मग या म्हणतो. रुपरावांनी तसंच केलं. नत्थूजींनी बोरी सोफ्याशेजारी ठेवली. दोघेही शिंकले, आणि दोघांनीही त्याबद्दल काही बोलायचं टाळलं.

"इवाई," नत्थूजी म्हणाले, "आमच्या घरची रीत तुम्हाले मालूम आहे. मांडवाची मेढ सालईची. दारात आडवी ठेवून तिचा बुडखा कापा लागते, अन् तोही एका दमात. बाया गाणं म्हणून राहिल्या का तोवर कापणं थांबलं नाही पाह्यजे. पयले कुऱ्हाडीनं करत होतो. खांदा गेला तवापासून ही करवत."

"बरोबर आहे," रुपराव म्हणाले.

"थोरल्याच्या लग्नात मधातच बंद पडली. सहा महिन्यानं सून माहेरी गेली ते अख्खा उन्हाळा आली नाही. साहिलच्या आईनं तवापासून ह्या करवतीचं नाव टाकलं. म्हणून म्हटलं, लग्नापर्यंत हे तुमच्यापाशी राहू द्या. तुमची नोकरीच कशी का—"

"काही बोलू नका इवाई," रुपराव मधेच म्हणाले. "समजलं."

"तसं नाही, मी का म्हणत होतो—"

"नुसती दुरुस्त करून नाही देत. ताकद वाढवून देतो."

नत्थूजींचं तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी हातातल्या चहाच्या कपात पाहिलं. "ताकद?"

"ताकद."

"बरं," नत्थूजी म्हणाले. लग्नाला अठ्ठावीस दिवस असताना एक इवाई दुसऱ्या इवायाला नाही म्हणत नसतो.

इथं एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे, म्हणजे पुढं कोणी रुपरावांना खोटारडे म्हणणार नाही. सोयरीक जुळली त्या दिवशी बैठकीत कोणीतरी म्हणालं होतं, "पावरहाऊसमधे होते म्हणजे इंजिनियर." त्या वेळी रुपराव चहा पीत होते. चहा पिणाऱ्या माणसाला बोलता येत नाही. तो चहा त्यांनी जरा सावकाश प्यायला, आणि कप खाली ठेवला तोवर विषय वरातीच्या गाड्यांवर गेला होता. एवढंच घडलं.

"बाबा, फोन करा अन् सांगून टाका," कामिनी म्हणाली. "मी स्टोअरमधे होतो, म्हणा. त्यात का वाईट आहे?"

"लग्न झाल्यावर सांगतो."

"अन् मेढीवरच करवत बंद पडली तं?"

कामिनी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे तिचा अपशकुनावर विश्वास नाही. पण तिच्या होणाऱ्या सासूचा आहे, आणि तिला सासूसोबत राहायचं आहे. हे रसायन तिला रुपरावांपेक्षा चांगलं कळत होतं. रुपरावांनी चपला घातल्या. ते शेजारी शालिकरामकडे गेले.

शालिकराम त्याच पावरहाऊसमध्ये टर्बाइनवर फिटर होता. लेआऊटमध्ये, म्हणजे त्यांच्या वस्तीत, रुपरावांची खरी नोकरी माहीत असलेला तो एकटाच बाहेरचा माणूस. आठ दिवसांपूर्वी त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बोलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

"लांजेवार, तू तेहतीस वर्षांत एक नट उघडला नाही गा."

"नट दिले तं आहेत."

"दिले. आम्ही दोन मागितले तं एक देल्ला. त्यावर बी तीन सह्या घेतल्या."

पण तो आला. काळा चष्मा लावून पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसला आणि त्यानं इंजिनाची ताकद कशी वाढवतात ते सांगितलं. रुपरावांनी तेच मोबाईलवर तीन व्हिडिओंत पाहिलं होतं, पण त्या व्हिडिओंतली माणसं इंग्रजी बोलत होती आणि त्यांच्या दाढ्यांमुळे तोंड कळत नव्हतं.

"हे पाय," शालिकराम म्हणाला. "पेट्रोल अन् हवा आत येते, जळते, धूर बाहेर जाते. यायची एक खिडकी, जायची एक खिडकी. त्याले पोर्ट म्हणतात. कंपनीवाला खिडक्या बेताच्याच ठेवते, त्याले सगळ्या दुनियेचं पाहा लागते. आपण त्या घासून मोठ्या करायच्या. सायलेन्सरले एक भोक जास्तीचं. सिलेंडरच्या खालचं कागदाएवढं पातळ पॅकिंग, गास्केट, काढून टाकायचं, म्हणजे दाब वाढते. मंग पाय."

"एवढंच?"

"एवढंच. पण एक ध्यानात ठेव. धुराची खिडकी जास्त वर नेली का इंजिन वरच्या वेगातच जीव धरते, खाली मरते. हळू चाल म्हणशीन तं चालणार नाही."

"आपल्याले हळू कायले चालवा लागते गा?" रुपराव म्हणाले.

हे वाक्य लक्षात ठेवावं. रुपरावांच्या ते लक्षात राहिलं नाही.

बिन कार्ड क्र. १७
वस्तू : स्टीलची परात, मोठी
नग : एक
कुठून आली : स्वयंपाकघर
शेरा : परवानगी प्रलंबित.

इंजिन उघडायला दोन दिवस लागले, आणि निघालेल्या एक्केचाळीस वस्तूंना कार्डं बांधायला चार. बोल्टला दोरा बांधणं सोपं नसतं. सगळे भाग पेट्रोलनं धुवायला एक पसरट भांडं हवं होतं, आणि घरातली सर्वांत पसरट परात तीन दिवसांपूर्वीच इतवारी बाजारातून आली होती.

"हे परात हळदीची आहे," सुभद्राबाई म्हणाल्या.

"धुवून देतो."

"पोरीले पेट्रोलची हळद लावता का? दिवा ओवाळताना आग लागन तिले."

"कामिनीच्या सासरच्याचंच काम आहे."

"मंग सासरची परात आणा."

शेवटी इतवारीतून दुसरी परात आणायचं ठरलं. तिथंच त्यांना घासायला लागणारे पेन्सिलीएवढे दगडही घ्यायचे होते. दुकानदारानं ते छोटे छोटे दगड पुडीत बांधले आणि विचारलं, "दाताचं काम करता का काका?"

"इंजिनाचं."

"कायचं इंजिन?"

"करवतीचं."

दुकानदारानं आतून भावाला बोलावलं आणि रुपरावांकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्यायले पाय." त्या भावानं पाहिलं आणि तो पुन्हा आत गेला. रुपरावांनी त्याचा राग धरला नाही. संशोधकाकडे लोक असेच पाहतात.

लेआऊटमध्ये बातमी पसरायला इतवारीतून परत येण्याएवढाच वेळ लागला. प्लॉट नऊवाल्यांनी एरंडेल तेल घालायला सांगितलं. प्लॉट बारावाल्यांच्या मते सगळा दोष पेट्रोलमध्ये असतो, हल्लीच्या. एक गृहस्थ फिरायला जाता जाता थांबले, दहा मिनिटं पाहत राहिले, आणि "शनिवारी उघडायले नव्हतं पाह्यजे" म्हणून निघून गेले. एकानंही टाकीचं झाकण उघडून आत पाहायला सांगितलं नाही. ते का सांगायला हवं होतं, हे पुढं येईल.

घासायचं काम मात्र गंभीर होतं. कामिनीच्या शाळेतल्या कंपासपेटीतला कोनमापक रुपरावांनी इंजिनाच्या फिरत्या चाकाला चिकटवला आणि कितव्या अंशावर खिडकी उघडते, कितव्या अंशावर मिटते ते पेन्सिलीनं लिहून काढलं. खिडकी किती वर न्यायची ते सिलेंडरच्या आत निळ्या शाईनं आखलं. मग शालिकराम खुर्चीत कान देऊन बसला, कारण डोळे देता येत नव्हते, आणि रुपरावांनी दगड बसवलेली घासायची मशीन चालू केली.

"जरासं," शालिकराम म्हणाला. "जरासं अजून. डाव्या अंगानं. थांब. थांब म्हटलं ना बे."

"थांबलो."

"कवा थांबला?"

"तू म्हटल्यावर. थोड्या वेळानं."

"निळी रेघ दिसते का?"

रुपरावांनी बॅटरी लावून पाहिलं. निळी रेघ दिसत नव्हती. ती जिथं होती तिथं आता खिडकी होती.

"दिसत नाही म्हणजे काम पक्कं झालं," रुपराव म्हणाले.

शालिकरामनं काळा चष्मा सारखा केला. मग तो म्हणाला, "पळन तं खरी. पण आता हिले पळूच द्या लागन."

बिन कार्ड क्र. २३
वस्तू : सिलेंडरखालचं पातळ गास्केट
नग : एक
शेरा : परत बसवलेलं नाही. मुद्दाम.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता पोर्चमध्ये करवत चालू करायचं ठरलं. दाब वाढल्यामुळे दोरी ओढली की ती परत हिसका मारत होती. पहिल्या वेळी रुपराव दोरीपाठोपाठ दोन पावलं पुढं गेले. दुसऱ्या वेळी त्यांचा चष्मा गेला. तिसऱ्या वेळी शालिकराम म्हणाला, "आधी हळूच ओढ, अडली का थांब, मंग झटका दे," आणि करवत चालू झाली.

त्या आवाजाचं वर्णन करायचं तर सायलेन्सर हे नाव त्या वस्तूला आता शोभत नव्हतं. प्लॉट नऊच्या खिडकीची काच बोलू लागली. पण आवाजाचं काहीतरी करता आलं असतं. वासाचं काही करता आलं नाही. करवत दोन वर्षं भिवापुरी मिरचीच्या बोरीत राहिली होती, आणि रुपरावांनी एक्केचाळीस वस्तू धुतल्या तरी इंजिनाला वारा घालणाऱ्या पंख्याचं घर धुतलं नव्हतं, कारण ते बोल्टनं नव्हे तर चापानं बसलेलं होतं आणि त्यामुळे त्याला कार्डच पडलं नव्हतं. पंखा फिरला आणि दोन वर्षांची मिरची बाहेर आली. आधी शालिकराम शिंकला. डॉक्टरांनी शिंकायलाही मनाई केली होती हे त्याला नंतर आठवलं. मग रुपराव. मग भिंतीपलीकडच्या शेजारीण पंचफुलाबाई.

पंचफुलाबाई शिंकत शिंकत फाटकाशी आल्या. त्यांना दिसलं ते असं : रुपराव, हातात चालू करवत, तिचं तोंड पंचफुलाबाईंच्या कडुनिंबाकडे. गेल्या वर्षी रुपराव सहज म्हणाले होते की त्या कडुनिंबाचा पाला आपल्या पाण्याच्या टाकीत पडतो. पंचफुलाबाई ते विसरल्या नव्हत्या. त्यांनी घरात जाऊन पालिकेत फोन केला.

करवत चाळीस सेकंद चालली. रुपरावांनी वेग कमी केला आणि ती बंद पडली. "पाह्यलं?" शालिकराम नाक पुसत म्हणाला. "खाली मरते."

दुपारी तीन वाजता पालिकेतून झाडांचं पाहणाऱ्या मिनल मॅडम आल्या. तरुण, शांत, हातात मोजपट्टी आणि छापील अर्ज.

"कोणतं झाड तोडलं?"

"कोणतंच नाही," रुपराव म्हणाले.

"तक्रारीत झाड लिहिलं आहे."

"झाड ते तिथं उभं आहे."

मिनल मॅडमनी पाहिलं. झाड उभं होतं. तरी त्यांनी त्याचा घेर मोजला, कारण अर्जात घेराचा रकाना होता. फांद्या मोजल्या. 'किती तोडले' या रकान्यात निरंक लिहिलं. मग त्या थांबल्या.

"तोडण्याचं कारण. हे रिकामं ठेवता येत नाही. संगणक पुढं जात नाही."

"खुन्नस," पंचफुलाबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या. "खुन्नस लिहा मॅडम."

"संशोधन," रुपराव म्हणाले.

मिनल मॅडमनी दोघांचं ऐकून घेतलं, पेन टेकवून थोडा विचार केला आणि लिहिलं, 'तोडलेले नाही.' रुपरावांना एकदम बरं वाटलं. रकान्याचा मान राखणारं माणूस त्यांना फार दिवसांनी भेटत होतं. त्यांनी चहा ठेवायला सांगितला. चहा पिऊन मॅडमनी त्यांच्याकडून एक कागद लिहून घेतला.

हमीपत्र
मी, रुपराव लांजेवार, लिहून देतो की सदर करवत या लेआऊटच्या हद्दीत पुन्हा चालू करणार नाही. सदर कडुनिंबाशी माझं कोणतंही वैर नाही. गेल्या वर्षी पाल्याबद्दल बोललो ते सहज होतं.
साक्षीदार १ : पंचफुलाबाई (सहज होतं हे मान्य नाही)
साक्षीदार २ : शालिकराम (डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे सही समासात झाली आहे)

म्हणजे मेढीच्या दिवशी हाती काय होतं? एकूण चाळीस सेकंद चाललेली आणि लाकडाला एकदाही न लागलेली करवत. कामिनीनं बाबांना पुन्हा फोन करायला सांगितलं नाही. तिनं फक्त करवतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, मधात बंद नका पडू देऊ. बाकी कसंही होऊ द्या." हे तिनं इतक्या साधेपणानं म्हटलं की रुपरावांना त्या रात्री जेवण गेलं नाही. दोन पोळ्या गेल्या, पण त्या चवीनं नाही.

मुलीकडच्यांनी मुलाच्या मेढीला जायची रीत नाही. पण करवत दुसऱ्या कोणाकडून चालू होणार नव्हती, म्हणून रुपराव, सुभद्राबाई आणि शालिकराम भिवापूरला गेले. दारात सालईचं खोड दोन तिवयांवर आडवं ठेवलेलं होतं. चांगलं सहा हात लांब, मांडीएवढं जाड. एका बाजूला बायका बसल्या होत्या. मधोमध नत्थूजींची बायको देवकीबाई. त्यांच्या मागं थोरली सून रितिका, जी उन्हाळाभर माहेरी राहिली होती.

नत्थूजींनी मान म्हणून दोरी पहिल्यांदा स्वतः ओढली. हिसका बसला. त्यांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं, मग रुपरावांकडे पाहिलं, आणि करवत दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिली. "ताकद वाढली खरी," ते म्हणाले.

रुपरावांनी टाकी काठोकाठ भरली. देवकीबाईंनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि गाणं धरलं. रुपरावांनी हळूच दोरी ओढली, अडल्यावर थांबले, झटका दिला.

*सालईबाई सालई, कोन्या धुऱ्यावर वाढली वं*

'सालईबाई' म्हणेपर्यंत करवत लाकडाला टेकली. 'वाढली' म्हणेपर्यंत बुडखा कापून खाली पडला. तीन सेकंद. जमलेल्या लोकांतून "वा" असा आवाज निघाला. रुपरावांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं की फिटर लोक जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं का हसतात.

मग त्यांच्या लक्षात आलं की गाण्याची एक ओळ झाली आहे.

कापणं थांबवता येत नव्हतं. हळू करावं तर इंजिन बंद पडणार होतं. खिडकी वर गेली होती. निळी रेघ डोळ्यांपुढं आली. रुपरावांनी चार बोटं अलीकडं करवत धरली आणि दुसरी चकती कापली.

*आजोबाच्या धुऱ्यावर, आजीनं पाणी घातलं वं*

तिसरी.

*मोठ्या मामाच्या दारी, मामीनं कुंकू लावलं वं*

चौथी.

हे गाणं म्हणजे सोयऱ्यांची यादी आहे. एकेकाचं नाव घेतात, एकेक ओळ म्हणतात. नाव राहिलं तर माणूस लग्नाला येतो पण जेवत नाही. नत्थूजींचं घराणं मोठं होतं. नवव्या चकतीला काका संपले. अकराव्याला मावश्या संपल्या. रुपरावांना वाटलं, आता गाणं संपेल. पण देवकीबाईंनी नव्या इवायाचा मान म्हणून सुभद्राबाईंकडे वळून विचारलं, आणि सुभद्राबाईंनी कामिनीकडची नावं सांगायला सुरुवात केली.

*वर्ध्याच्या मावशीनं, चोळीबांगडी आणली वं*

चौदावी.

रुपरावांनी बायकोकडे पाहिलं. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी नजरेनं फार काही मागितलं नव्हतं. सुभद्राबाईंना ती नजर पुरती समजली. तरी त्यांनी पुढचं नाव सांगितलं, उमरेडच्या आत्याचं, कारण ती रुपरावांचीच सख्खी बहीण होती आणि तिचं नाव राहिलं असतं तर पुढची वीस वर्षं ऐकायला सुभद्राबाईंनाच लागलं असतं.

एव्हाना रुपरावांना गाणं ऐकू येत नव्हतं. सायलेन्सरच्या जास्तीच्या भोकातून येणाऱ्या आवाजाखाली बायका नुसत्या तोंडं हलवताना दिसत होत्या. त्यांनी देवकीबाईंच्या तोंडावर डोळे ठेवले. तोंड हलतंय तोवर गाणं आहे. विसावी चकती. एकविसावी. तोंड हलतंच होतं. बाविसावी. लोक हात वर करून काही तरी सांगत होते, पण लोक तर पहिल्यापासून काही तरी सांगतच होते. तेविसाव्या चकतीला रितिका उठली, पुढं आली आणि बस थांबवावी तसे दोन्ही हात पसरून उभी राहिली.

रुपरावांनी खटक्यावरचं बोट काढलं. करवत बंद पडली.

देवकीबाईंचं तोंड अजूनही हलत होतं. सुपारी होती. गाणं दोन चकत्यांपूर्वीच संपलं होतं.

सहा हातांची मेढ चार हातांची झाली होती. रुपरावांच्या पायांशी भुसा आणि चकत्या. अडचणीत माणूस आपल्या सवयीकडे जातो. रुपराव खाली बसले, खिशातून पेन्सिल काढली आणि चकत्यांवर क्रमांक घालू लागले.

"तेवीस नग," ते कोणाला तरी म्हणाले.

नत्थूजी शेजारी येऊन उकिडवे बसले.

"इवाई," रुपराव क्रमांक घालता घालता म्हणाले, "एक गोष्ट सांगायची राह्यली. मी इंजिनियर नव्हतो. मी स्टोअरमधे होतो."

"मालूम आहे," नत्थूजी म्हणाले.

पेन्सिल थांबली.

"सोयरीक जुळवायच्या आधी माणूस चौकशी करन का नाही? खापरखेड्याले जाऊन आलो मी. तिघायले विचारलं. तिघं बी एकच म्हणे. लांजेवारापाशी ठेवलेली वस्तू जात नाही."

"मागाले गेलं तं मिळत बी नाही," काळ्या चष्म्यामागून शालिकराम म्हणाला.

"हे बी म्हणे ते. म्हणून तं पोरगी पसंत केली. आमच्या घरात कोणतीच वस्तू जाग्यावर सापडत नाही."

"मंग करवत मले काहून देल्ली?"

"ठेवायले."

रुपरावांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"दोन वर्षं मिरचीत लपवून ठेवली होती. बाहेर काढली का गावात कोणी बी मागून नेते. नाही म्हणता येत नाही. थोरल्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी शेजारच्यानं नेली, टाकी रिकामी करून आणून ठेवली. कोणी पाह्यलं नाही. मधात बंद पडली ते पेट्रोल संपलं म्हणून. करवतीले काहीच झालं नव्हतं. मले वाटलं, ह्या लग्नापर्यंत स्टोअरवाल्यापाशी ठेवून देऊ. तो कोणाले देणार नाही."

"मंग त्या दिवशी बोलले काहून नाही?"

"तुम्ही बोलू देल्लं का? मंग तुम्ही ताकद म्हणाले. इवायाले नाही कसं म्हणाव?"

रुपरावांनी पेन्सिल खिशात ठेवली. त्यांना तेहतीस वर्षं आठवली, एकेक कप्पा, एकेक कार्ड. खापरखेड्यातल्या तिघांची नावं विचारावीत असं वाटलं, पण विचारली नाहीत. नाव कळलं असतं तर त्या माणसाला कधी नट कमी दिल्याचं आठवलं असतं.

तिकडं देवकीबाई उठल्या आणि मेढीला फेरी मारून आल्या. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. निकाल त्यांचाच होता. सुभद्राबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"गाणं संपेस्तोवर करवत थांबली का?" देवकीबाईंनी विचारलं.

"नाही," चारपाच जण एकदम म्हणाले.

"संपल्यावर बी नाही थांबली," रितिका म्हणाली. "अन् मम्मी, मी माहेरी बीएडच्या परीक्षेले गेली होती. करवतीचा काही संबंध नव्हता. दीड वर्षापासून सांगून राहिली."

"तू चूप बस वं," देवकीबाई म्हणाल्या, पण प्रेमानं. "मेढ एका दमात झाली. लहान झाली तं होऊ द्या. मांडव बांबूवर राह्यते, मेढीवर नाही." मग त्या चकत्यांकडे वळल्या. "ज्याच्या नावावर जे पडली, तिचा पाट करा. मांडवात आपापल्या पाटावर बसन जो तो."

कल्पना सगळ्यांना आवडली. अडचण संध्याकाळपर्यंत कोणाच्या लक्षात आली नाही. सुरुवातीच्या चकत्या हात ताजा असताना चार बोटं जाड पडल्या होत्या. पुढं रुपरावांना मेढ वाचवायची होती. त्यामुळे मामाचा पाट बसण्याजोगा होता, वर्ध्याच्या मावशीचा ताटाएवढा होता, आणि उमरेडच्या आत्याची, म्हणजे रुपरावांच्या सख्ख्या बहिणीची, चकती पापडाएवढी पातळ होती. रुपरावांनी त्या चकतीवर आधीच क्रमांक घातलेला होता. बदलता येण्यासारखा नव्हता.

कामिनीला त्यांनी तिथूनच फोन केला.

"बंद पडली का?" तिनं आधी तेच विचारलं.

"नाही."

कामिनी म्हणाली, "मंग आवाज असा काहून आहे तुमचा?"

"आत्याले फोन करा लागते," रुपराव म्हणाले.

लग्न झालं. चार हातांच्या मेढीचा एक हात जमिनीत गेला, म्हणून प्रत्येक सवाष्णीनं मेढीची पूजा वाकून केली, आणि लोकांना वाटलं भिवापूरकडची हीच रीत असेल. आत्या तीन दिवस उभीच होती. वरात परतल्यावर आठव्या दिवशी नत्थूजी पुन्हा नागपूरला आले. हातात तीच बोरी होती, पण धुतलेली. या वेळी रुपरावांनी बनियनवर शर्ट घातला नाही. त्यांनी खुर्ची पुढं केली, नत्थूजींचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं, मधे एकही शब्द बोलले नाहीत, आणि मग पुठ्ठा, दोरा आणि पेन घेऊन बसले.

बिन कार्ड क्र. ४२
वस्तू : साखळीची करवत
नग : एक
कुठून आली : भिवापूर, इवायाकडून
कशासाठी : ठेवायला
कोणाला द्यायची : कोणालाच नाही
शेरा : जागेवर आहे.